केळीला चरका, भाव सालीचा: खान्देशातल्या फळांच्या साली, टरफलं आणि आठळ्या

तापीकाठ (रावेर)

यंदा थंडी लांबली आणि आमच्या कांदेबागेच्या (पावसाळा सरल्यावर लावलेल्या केळीच्या) मागे राहिलेल्या घडांना चरका बसला. बाहेरच्यांसाठी सांगतो: रात्रीचा पारा बरेच दिवस १० अंशांच्या आसपास घुटमळला की केळीच्या सालीखाली तपकिरी रेघा उमटतात, साल मळकट दिसते आणि माल पिकवायला टाकला तरी तिच्यावर पिवळाधमक रंग चढत नाही. व्यापारी आला, बांधावरूनच घड बघितले आणि भाव पाडला. मी म्हटलं, भाऊ, एक केळं सोलून तर बघ. तो म्हणे, सोलून कोण विकतं?

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. निसवण झाली, म्हणजे घड बाहेर पडला, की त्यावर स्कर्टिंग बॅग (पातळ पिशवी) चढवतो, ती सालीसाठी. केळ्यांच्या टोकाची सुकलेली फुलं खुडतो, ती सालीसाठी. काढणीला घड जमिनीला टेकू देत नाही, फण्या धुतो, मध्ये फोम घालतो, तेही सालीसाठीच. गराला गोडी येते ती पाण्या-खतानं, पण मजुरीचा मोठा वाटा सालीवर जातो. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा भाव मिळायचा तोही सालीवरून.

तर ही साल नेमकी आहे काय? फळाचाच भाग, की वरचं वेष्टन? आणि थंडी सालीलाच का बाधते, गराला का नाही? इथे वनस्पतिशास्त्र शिकवलेली मंडळी आहेत, त्यांनी सांगावं. बाकीच्यांनी आपापल्या भागातल्या फळांबद्दल लिहा. धागा केळीपुरता ठेवू नका.


सूक्ष्मदर्शी (जळगाव)

तापीकाठ भाऊ, जरा लांबण लागेल, चालवून घ्या. शिकवायची सवय सुटत नाही.

आधी आंबा घेऊ, कारण त्यात सगळं नागड्या डोळ्यांनी दिसतं. फुलातला बीजांडकोश वाढतो तेच फळ. त्या कोशाच्या भिंतीचे तीन थर होतात: बाह्यकवच, मध्यकवच, अंतःकवच. आंब्यात बाहेरची साल हे पहिलं, रसाचा गर हे दुसरं आणि कोयीचं टणक लाकडी कवच हे तिसरं. कोयीला चिकटलेले केसर त्या तिसऱ्या कवचातूनच निघतात. वाळलेली कोय फोडली की आत तपकिरी कागदी पापुद्रा निघतो, ते बीचं स्वतःचं आवरण. म्हणजे खरी बी कोयीच्या आत आहे आणि कोयीचा डबा फळाचा आहे. बोर, चारोळी यांच्यातही थोड्याफार फरकानं हीच मांडणी. अशा फळाला आठळीचं फळ म्हणा.

केळीत भानगड वेगळी आहे. केळफुलाची एक लाल पारी उचलून बघा. खाली बारीक बारीक केळ्यांची रांग असते आणि प्रत्येकाच्या टोकाला फूल. म्हणजे कोश फुलाच्या खाली बसलेला असतो आणि त्याच्या भोवती फुलाच्या बैठकीचा भाग एकजीव झालेला असतो. म्हणून आपण जी साल म्हणतो ती बैठक, बाह्यकवच आणि मध्यकवचाचा काही भाग अशी मिळून झालेली असते. वेष्टनही आहे आणि फळही आहे. गर तयार होतो तो भिंतीच्या अगदी आतल्या अस्तरातून आणि मधल्या पडद्यांतून.

घरी करून बघा: सोललेल्या पिकल्या केळ्याच्या टोकावर अंगठा हलकेच दाबा. केळं उभं तीन फाकांत सुटतं. कोशाचे मूळचे तीन कप्पे होते, त्यांची ती खूण. मधल्या रेषेवरचे काळे ठिपके म्हणजे बी न धरलेली बीजांडं. आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन या सगळ्या बीज न धरणाऱ्या जाती, त्यामुळे ठिपक्यांवरच भागतं. रानकेळ्यांत त्याच जागी वाटाण्याएवढ्या कडक बिया असतात.

आता चरका. सालीत, वरच्या कातडीच्या जरा खाली, शिरा आणि चीकवाहिन्या दाटीनं असतात. हिरव्या केळीला नख लावलं की जो चीक येतो तो त्यांतला. पारा साधारण १३ अंशांच्या खाली बराच वेळ राहिला की तिथल्या पेशींचे पापुद्रे ताठरतात आणि गळायला लागतात. आतापर्यंत वेगळ्या कप्प्यांत असलेली फिनॉलं आणि त्यांना काळं करणारी विकरं एकत्र येतात. तपकिरी रेघ उमटते ती तिथे. गर पूर्ण सुटतो असं मात्र समजू नका. थंडी फारच झाली तर पिकल्यावरही केळ्याचा मधला गाभा कडक राहतो.


उगाच_शंका (पुणे)

म्हणजे फ्रिजमध्ये ठेवलेलं केळं काळं पडतं ते हेच?

आणि दुसरं, माझे सासरे यावलचे. मे महिन्यात घरी माळ्यावर पिकवलेली केळी द्यायचे ती हिरवीच असायची, पण आत लोण्यासारखी. मी पहिल्यांदा कच्ची समजून परत ठेवली होती. ते काय प्रकरण?


सूक्ष्मदर्शी (जळगाव)

फ्रिजचं तेच, फक्त घरात बसून.

हिरव्या-पिकल्या केळीचं कारण उलट्या टोकाचं आहे. पिकताना सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि खालचा पिवळा रंग, जो आधीपासून असतोच, तो उघडा पडतो. कॅव्हेंडिश गटातल्या केळीत (बसराई, ग्रँड नैन त्यातल्याच) हवा साधारण २४ अंशांच्या वर असेल तर हे मोडण्याचं काम अर्धवट राहतं. गरातल्या पिठाची साखर होणं मात्र थांबत नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंश म्हणजे काही विशेष नाही. तेव्हा माळ्यावरची केळी हिरव्या सालीतच पिकणार.

पिकताना आणखी एक होतं. गरात साखर वाढली की तो सालीतलं पाणी ओढून घेतो. म्हणून साल पातळ होत जाते आणि गर वजनात भरतो.


तापीकाठ (रावेर)

वा, हे पाणी ओढण्याचं माहीत नव्हतं. दिल्लीच्या गाड्या भरणारे कटाई जरा लवकर का मागतात ते दुसऱ्या कारणानं कळत होतं, आता जाड सालीचाही अर्थ लागला. कच्ची, जाड साल प्रवासात मार खाऊन घेते.

रायपनिंग चेंबरवाले १६ ते १८ अंशांवर ठेवतात, आत दमटपणा भरपूर आणि इथिलीन वायू सोडतात. तिथे साल आणि गर एका चालीनं पिकतात. कार्बाइडला कायद्यानं बंदी आहे तरी लपूनछपून वापरणारे आहेतच. त्यात साल पिवळी होते आणि गर मागे राहतो. गिऱ्हाईक सालीला बघून घेतं आणि घरी जाऊन शिव्या केळी पिकवणाऱ्याला देतं.


माहेरवाशीण (मूळ भुसावळ, मुक्काम ठाणे)

धाग्यात भरताचं वांगं आलं नाही म्हणजे कमाल आहे. त्यालाही २०१६ मध्येच मानांकन मिळालंय.

इथे ठाण्यात जांभळी, तुकतुकीत वांगी मिळतात. भाजली की सालीचे काळे तुकडे गरात मिसळतात, ते वेचत बसायचं आणि बियांची कचकच वेगळीच. आमच्याकडचं बामणोद-भालोदकडचं वांगं फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा, आकारानं एवढं की दोन वांग्यांत चार माणसांचं भरीत. त्याला तेलाचा हात लावायचा, सुरीनं चार-पाच ठिकाणी टोचायचं आणि पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) काड्यांच्या जाळावर टाकायचं. न टोचलेलं वांगं आईच्या हातून एकदा फुटलं होतं, राख सगळ्यांच्या अंगावर.

भाजून झालं की साल कशी सुटते माहितीये? देठाकडून एक चिमटीत धरायची आणि खाली ओढायची, की लांबच लांब पट्टी हातात येते. आत धुरकट, पाणीदार गर. तो बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचायचा, हिरवी मिरची आणि लसूण भाजून घातलेला, वरून तेलात परतलेले शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची पुरी. (लिहिता लिहिताच भूक लागली.)

सर, साल अशी एका झटक्यात का सुटते? कच्च्या वांग्याची तर सोलाण्यानंही नीट निघत नाही.


सूक्ष्मदर्शी (जळगाव)

ताई, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन असतं. जाळाच्या उष्णतेनं ते विरघळतं. त्याच वेळी गरातल्या पाण्याची वाफ होते. वांग्याच्या सालीवर मेणचट, पाणी न झिरपू देणारा थर असतो, त्यामुळे वाफेला बाहेर वाट नाही. ती सालीच्या खाली साठते आणि साल गरापासून उचलते. टोचे मारता ते त्या वाफेसाठी. नाहीतर तुमच्या आईंच्या चुलीत झालं तेच.

वांग्याचा देठाकडचा हिरवा मुकुट हे फुलाचं बाहेरचं मंडल, फळ धरल्यावरही गळत नाही. तो उचलून बघा. जांभळ्या वांग्यात त्याखालची साल पांढरी निघते, कारण तिथे ऊन पोचत नाही. शेंडे आणि फळ पोखरणारी अळी बऱ्याचदा याच मुकुटाखालून आत घुसते. बाहेरून वांगं तुकतुकीत, आत भुयार.


पऱ्हाटी (अमळनेर)

आते मन्हं बी आयका. कापूस बी फळच शे ना भो!

आम्ही कच्च्या बोंडाला कैरी म्हणतो. ती कैरी म्हणजे फळ, तिची हिरवी भिंत म्हणजे सरांचं ते फलकवच. आत चार-पाच पाकळ्या, प्रत्येकीत सरकीचे दाणे. वाळताना भिंत आकसते, शिवणीवर तडकते आणि कापूस बाहेर फुलतो. झाडाच्या दृष्टीनं फळाचं काम संपलं, आमच्या दृष्टीनं वेचणी सुरू.

गुलाबी बोंडअळीनं या भिंतीचा पार पोकळ वासा केला. अळी अंड्यातून निघाल्या निघाल्या, केसाएवढी असताना कैरीत शिरते. आणि कैरी वाढत असल्यानं ते भोक बुजून जातं. बाहेरून बघाल तर कैरी चांगली ठणठणीत. आत अळी सरकी खात बसलेली. वेचायला गेलं की एक पाकळी फुललेली आणि बाजूची कवडी, म्हणजे किडून कडक झालेली. फवारणी वरून कितीही करा, भिंतीच्या आत औषध जात नाही. जे कवच बीला राखायला होतं, तेच अळीला राखतं.

सर, एक सांगा. रुई म्हणजे नक्की काय? फळाचा भाग की बीचा?


सूक्ष्मदर्शी (जळगाव)

बीचा. सरकीच्या बीजावरणाच्या सगळ्यात बाहेरच्या थरातल्या काही पेशी लांबत जातात, त्या म्हणजे रुईचे धागे. एक धागा म्हणजे एकच पेशी. तुम्ही बाजारात २८-३० मिलिमीटरचा कापूस म्हणून विकता तेव्हा जवळजवळ एक इंचाहून लांब अशा एकेका पेशीची लांबी मोजत असता. झाडांच्या दुनियेत एवढ्या लांब पेशी फार नाहीत. जिनिंगनंतर सरकीवर जी बारीक लव राहते तेही तसेच, पण आखूड केस.

सरकीच्या आत काळे ठिपके दिसतात, त्यांत गॉसिपॉल असतं. आवरणाला भेदून कोणी आत आलंच तर त्याच्यासाठीची ती दुसरी फळी. गायी-म्हशींना बऱ्यापैकी पचतं, कोंबड्यांना आणि माणसांना नाही.

केसावरून आठवलं, जामनेर-पाचोऱ्याकडची मोसंबी घ्या. वरच्या हिरव्या-पिवळ्या सालीत तेलाच्या पिशव्या, डोळ्यात उडतं ते तेल. खाली पांढरी स्पंजासारखी गादी, ते मध्यकवच. फोडीभोवतीचा पापुद्रा हे अंतःकवच. आणि आत जे रसानं भरलेले दाणे आपण खातो ते त्या पापुद्र्यातून आतल्या बाजूला वाढलेले केस आहेत. कापसात केस बीला बाहेरून फुटले, मोसंबीत ते भिंतीला आतून फुटले.


उगाच_शंका (पुणे)

सकाळी मोसंबीचा ग्लास समोर आहे आणि आता तो केसांचा रस वाटतोय. आभारी आहे.

असो. कांद्याची साल?


सूक्ष्मदर्शी (जळगाव)

कांदा फळ नाही. ते पानांचे बुंधे, बाहेरचे वाळून कागद झालेले. या धाग्यावर नको.


सावद्याचा_वेफरवाला

तापीकाठ दादा, तुमच्या चरक्याच्या मालाबद्दल. पिकवायला जाणारा माल म्हणून तो पडला असेल, पण वेफरवाल्याला विचारलं का? आमच्याकडे साल जातेच डब्यात. आम्ही बघतो ते केळं भरलेलं आहे का आणि गर पांढरा-कडक आहे का. बोटानं दाबल्यावर जरा जरी दबलं तर नको, कारण पिठाची साखर व्हायला लागली की तेलात काप लाल होतो.

कच्च्या केळीची साल हातानं निघत नाही. दोन्ही टोकं उडवून सुरीनं उभी चीर द्यायची आणि अंगठ्यानं उलगडत जायचं. मिठाच्या पाण्यात बुडवून काम केलं तर चीक कमी त्रास देतो. बायका हाताला तेल चोळून बसतात, तरी दिवसअखेर बोटं काळी होतात आणि साबणाला जुमानत नाहीत. कपड्यावर पडलेला केळीचा डाग तर कपडा फाटेपर्यंत राहतो.

फक्त सर म्हणाले तसा गाभा कडक राहिलेला माल तळताना कसा वागतो ते एक घड आणून बघावं लागेल. थेट कढईला देऊ नका.


तापीकाठ (रावेर)

हे कामाचं सांगितलं. एक घड पाठवतो.


पथारीवाला (नंदुरबार)

मिरचीबद्दल कोणी लिहीना म्हणून मीच लिहितो. नंदुरबारला ओली लाल मिरची येते आणि पथारीवर वाळते. जमीन सपाट करून सारवलेली, तिच्यावर मैलभर लाल गालिचा. हिवाळ्यात अवकाळी पाऊस आला की व्यापाऱ्यांची रात्रीची पळापळ बघण्यासारखी नसते.

मिरची वाळायला एवढे दिवस का लागतात? तिच्या सालीवर मेणाचा थर असतो, पाणी बाहेर पडायला तयार नसतं. टोमॅटो, वांगं, मिरची ही एकाच कुळातली भावंडं, तिघांनाही हा मेणाचा सदरा आहे. चिरलेली मिरची दोन-तीन दिवसांत कुरकुरीत होते, अख्खी बसून राहते. आम्ही डेख (देठ) न काढता वाळवतो. डेख निघालं की बी सांडतं आणि धूळ आत जाते. डेख खुडायचं काम नंतर, वाळल्यावर, बायका करतात. हातांची आग रात्री झोपू देत नाही.

लोक म्हणतात तिखट बियांत असतं. तसं नाही. मिरची उभी चिरून बघा, आत ज्या पांढऱ्या शिरेला बिया लटकलेल्या असतात, तिखट त्या शिरेत तयार होतं. बियांना ते लागून येतं. शिर काढून टाकली आणि बिया धुतल्या तर बी फारसं लागत नाही. सालीत तर त्याहून कमी. रंग मात्र सगळा सालीत. म्हणून जी मिरची रंगाला हवी तिच्यात साल जाड आणि शिरा कमी असलेली शोधतात.


धडगावकर

सातपुड्यातून बोलतोय.

आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी आमचूर होतं. गावरान कैऱ्या, साल काढायची, काप करायचे, दगडावर किंवा चादरीवर उन्हात टाकायचे. साल काढतात कारण आंब्याचा चीक सालीच्या नळ्यांत असतो. सालीसकट वाळवलं तर काप काळे-तुरट होतात आणि बाजारात भाव उतरतो. पांढऱ्या आमचुराला वेगळा भाव. उतरवताना डेख तुटलं की चीक उडतो, तो गालावर पडला तर कातडी जळाल्यासारखी होते. लहानपणी आंबे पाडणाऱ्या प्रत्येक पोराच्या तोंडावर ते डाग असायचे.

आंब्याच्याच कुळातली दोन झाडं आमच्या रानात आहेत, आवरणाच्या बाबतीत त्यांना तोड नाही.

एक बिबा. दिसतो कसा? वर नारिंगी, मांसल बोंडू आणि खाली काळा, चपटा, चकचकीत बिबा. नारिंगी भाग देठाचा फुगवटा आहे, वाळवून खातात. फळ म्हणजे तो काळा भाग. त्याच्या भिंतीत जे काळं तेल असतं ते कातडीला लागलं की बिबा उतलाच, फोड येतात, खाज सुटते आणि काही जणांना नुसत्या धुरानंसुद्धा सूज येते. धोबी कपड्यांवर खूण करायला हेच तेल वापरायचे. आणि एवढ्या विखारी भिंतीच्या आत काय? गोडंबी! पौष्टिक लाडूत घालतात ती. आमच्याकडे बिबे भाजून फोडतात, हाताला राख चोळून. भाजताना तेल पेट घेतं, लांब उभं राहायचं. नवख्या माणसानं हा उद्योग करू नये.

दुसरी चारोळी. तिच्यात विष नाही, तिनं सगळा भरवसा आठळीवर ठेवलाय. वरचा काळा गर पोरं आणि अस्वलं खातात. आठळी जात्यात जरा वरच्या अंगानं फिरवून फोडतात. जातं जास्त दाबलं तर दाण्याचा चुरा, कमी दाबलं तर आठळी तशीच. तो अंदाज ज्या बाईच्या हाताला आला तिच्या घरी शेजारणी आपल्या आठळ्या घेऊन येतात.


माहेरवाशीण (मूळ भुसावळ, मुक्काम ठाणे)

धडगावकर दादा, बाळंतिणीच्या लाडवात आई गोडंबी घालायची. फोडताना कोणाच्या हातावर फोड येत असतील हे कधी डोक्यातच आलं नाही. आता पाकीट घेताना भावाची घासाघीस करवणार नाही.

बोराबद्दल पण लिहा ना कोणीतरी.


ठेलारी_पोर (साक्री)

बोराचं मी सांगतो. आम्ही मेंढ्या-बकऱ्यांमागे फिरणारे. हिवाळ्यात बकऱ्या बोराखाली तुटून पडतात. साल आणि गर पोटात जातो, आठळ्या रवंथ करताना तोंडातून टाकतात. जिथे रात्री कळप बसतो तिथे सकाळी आठळ्यांचा सडा असतो आणि पावसाळ्यानंतर त्या जागेवर बोरीची रोपं. बोराच्या आठळीत दोन खण असतात, फोडली तर कधी दोन चपट्या बिया, कधी एकच. आठळी एवढी टणक नसती तर बकरीच्या दाढेखाली बी पार गेलं असतं.

सीताफळाचं मात्र उलटं आहे. त्याला साल अशी धड नाहीच. वरचा प्रत्येक डोळा म्हणजे वेगळं छोटं फळ आणि ते सगळे चिकटून एक सीताफळ, असं आमच्या शाळेतल्या सरांनी सांगितलेलं. डोळ्यांमधल्या भेगा पांढऱ्या-पिवळ्या पडल्या, डोळे उघडले, की उतरवायचं. पूर्ण पिकेपर्यंत झाडावर ठेवलं तर हातात भुगा येतो. त्या भेगांत पिठ्या ढेकूण बसतो तो वेगळाच. पण बी काळी, गुळगुळीत आणि आत विषारी. तिची पूड डोक्याला लावताना डोळ्यात गेली तर डोळ्याचं काही खरं नाही.

सर, आमच्याकडे काही जणांनी डाळिंब लावलंय. फळ चांगलं भरतं आणि नेमकं काढणीच्या आधी तडकतं. एकदा तडकलं की फेकायच्याच लायकीचं. हे पण सालीचंच दुखणं ना?


दादर_भाकर (चोपडा)

डाळिंबाचं उत्तर सर देतील, तोवर मी ज्वारी घुसवतो. तीही फळ आहे, कोणाला वाटणार नाही. दाण्याची बाहेरची कातडी हे फलकवच आणि ते आतल्या बीजावरणाला असं चिकटलंय की वेगळं करता येत नाही. दळताना कोंडा होतो तो याचाच.

खरिपाची ज्वारी कणसात भरताना पाऊस लागला की या कातडीवर बुरशी धरते आणि ज्वारी काळी पडते. म्हणून तर आपली दादर. रब्बीत, तापीकाठच्या काळ्या जमिनीत, नुसत्या ओलीवर येते, दाणा पांढराशुभ्र. भाकरी पापुद्र्यासकट सुटते. काळ्या ज्वारीचा भाव आणि दादरचा भाव बाजारात एकदा विचारून बघा, इथेही साल विकली जातेय.


सूक्ष्मदर्शी (जळगाव)

चोपडेकर, बरोबर. भर एवढीच घालतो की ज्वारीच्या त्या कातडीच्या मधल्या थरात काही वाणांमध्ये पिठाचे कण असतात. बाकीच्या धान्यांत हे सहसा आढळत नाही.

आता डाळिंब. त्याची साल जाड, चामड्यासारखी, वर फुलाचा मुकुट टिकून राहिलेला. आत पडदे आणि कप्पे. आपण खातो तो लाल रसाळ भाग भिंतीचा नाही, बीच्याच आवरणाचा बाहेरचा थर आहे. एकेक दाणा म्हणजे आपलं आवरण रसानं फुगवलेली एकेक बी. पपईच्या बीवर जो बुळबुळीत पडदा असतो तोही त्याच जातीचा. शहाद्याकडची पपई कापली की तो चमच्याला चिकटतो.

तडकण्याचं कारण दाणे आणि साल यांची चाल वेगळी असणं. जमीन बरेच दिवस कोरडी राहिली की साल ताठर होते, तिची ताणायची ताकद जाते. मग एकदम पाणी दिलं किंवा पाऊस झाला की दाणे पाणी ओढून फुगतात, साल वाढत नाही आणि मुकुटाकडून किंवा कुशीतून फळ तडकतं. दिवसाचं कडक ऊन आणि रात्रीचा गारवा यांतला फरक मोठा असला तर आणखी वाढतं. बोरॉन कमी असेल तरी साल कमकुवत राहते, म्हणून माती आणि पानाची तपासणी करून घ्या, अंदाजानं फवारू नका. आणि सालीवर काळे-तेलकट डाग असतील व चीर त्या डागातूनच गेली असेल, तर तो तेल्या रोग, त्याचा पाण्याशी संबंध जोडत बसू नका.


ठेलारी_पोर (साक्री)

डाग नाहीत सर, चीर स्वच्छ आहे, बहुतेक मुकुटाकडूनच. आणि पाणी म्हणाल तर लोडशेडिंगमुळे आठ-आठ दिवस काही नाही आणि वीज आली की रात्रभर मोटार चालू.


सूक्ष्मदर्शी (जळगाव)

मग कारण तुम्हीच सांगितलंत. ठिबक असेल तर थोडं थोडं रोज द्या, फळ भरायला लागल्यापासून काढणीपर्यंत ओल एकसारखी राहू द्या. बुंध्याभोवती पाचट किंवा उसाचं चिपाड पसरा, म्हणजे वीज नसलेल्या दिवसांत जमीन एकदम कोरडी पडणार नाही. तडकलेली फळं झाडावर ठेवू नका, माशा आणि बुरशी तिथूनच शेजारच्या फळांवर जातात.


ठेलारी_पोर (साक्री)

पाचट मिळेल. साखर कारखान्याच्या तोडीचा माल जवळच उतरतो. ज्यांची बाग आहे त्यांना हे जसंच्या तसं वाचून दाखवतो.